छोट्या बाई आल्यापासून

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी चष्मा बदलला, की अजून वर्तमानपत्र हातभर लांब धरूनच वाचतात? मी मजेत. चार दिवस तापाने पडले होते, आता ठणठणीत आहे. घरमालक दुकानदाराने एकदाचा छपराचा गळका पत्रा बदलून दिला.

शाळेचं विचारलं होतंस. शाळा आहे तिथेच आहे. दोन खोल्या, चार वर्ग. पहिली-दुसरी छोट्या बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. छोट्या बाई म्हणजे गेल्या वर्षी आलेली ती नवी. नाव पोरांनीच पाडलं. ती छोटी, म्हणून मी आपोआप मोठ्या बाई झाले. एकोणीस वर्षं मी नुसती 'बाई' होते, कुणाला खुलासा करावा लागत नव्हता.

तिच्याबद्दल वाईट लिहावं असं काही सापडत नाही, हेच तर दुखणं आहे. आता सुताराचंच बघ. मोडके बाक दुरुस्त करून दे म्हणून मी त्याच्या किती विनवण्या केल्या! त्याचं आपलं एकच, "उद्या येतो, बाई." हिने त्याला पोरांना मापं शिकवायला बोलावलं, तर हा गडी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. फळ्यासमोर उभा राहिला आणि बेरीज चुकला. पोरांनी ती दुरुस्त केली. तोही हसला, पोरंही हसली, आणि जाताना पठ्ठ्याने न सांगता सगळे बाक ठोकून दिले. मी माझ्या खोलीतून ठोकाठोकी ऐकत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शाळा सुटली तरी पोरं घरी जात नाहीत. तिच्याभोवती गुळाला मुंगळे. माझ्या वेळी घंटा व्हायच्या आत अर्धी पोरं दप्तर भरून बसलेली असायची.

असो. खरी बातमी वेगळीच आहे. तीन घरं कामासाठी शहरात गेली, पोरं कमी झाली, म्हणून वरच्या ऑफिसने दोनपैकी एक जागा काढली आहे. नियम असा, की शेवटी आलेली आधी जाते. म्हणजे ती. गावात जो तो हळहळतोय. मीही हळहळले, चारचौघांत हळहळावं लागतं. तुझ्यापासून काय लपवू, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

तुझ्या घराजवळच्या शाळेत जागा आहे, तू मला तिकडे बोलावतेस, हे मी दुकानदाराच्या कानावर घालून ठेवलंय. म्हणजे ते गावभर झालं. कळू दे जरा, आम्हालाही मागणी आहे. मी येणार नाही, हे तुला माहीत आहेच.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक देत जा, नुसतं मलम चोळून काही होत नाही.

काल रविवारी दुपारी गाव माझ्या दारात आलं. गाव म्हणजे सुतार, दूधवाला, माझा घरमालक आणि पिठाच्या गिरणीवाली. गिरणीवाली माझी पहिल्या वर्षीची विद्यार्थिनी. तिला पेन्सिल धरायला मी शिकवलं, आणि आता तिची मुलगी छोट्या बाईंच्या वर्गात आहे.

ते येणार आहेत, हे मला सकाळीच कळलं होतं. दुकानदार सांगून गेला, "चौघं जण येतोय, बाई, तुमच्या जाण्याबद्दल जरा बोलायचंय." मी समजायचं ते समजले. बाई ताईकडे निघाल्या की काय, म्हणून धाबं दणाणलं असणार! मी खोली झाडली, चांगली चादर घातली, शेजारून दोन खुर्च्या आणल्या. चहात साखर सढळ हाताने टाकली. थोडं ताणून धरायचं आणि मग हो म्हणायचं, असंही ठरवून ठेवलं होतं.

ते आले, बसले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. कुणी विषयाला हात घालेना. बिचारे संकोचताहेत असं वाटून मला त्यांची दया आली. ताणून धरायचं विसरलेच मी, ताई. म्हणाले, "तुम्ही मनात काही आणू नका. ताई कितीही बोलावू दे, मी हे गाव सोडून कुठेही जायची नाही."

सुतार कपात बघत बसला. दूधवाल्याने दुकानदाराकडे बघितलं, दुकानदाराने दाराकडे.

शेवटी गिरणीवालीच बोलली. "बाई, राग मानू नका. तुमची ताई एवढी बोलावतेय, तिकडे दवाखानाही जवळ आहे. परवा तापाने पडलात, इथे बघायला कोण होतं? तुम्ही आपणहून बदली मागितलीत, तर छोट्या बाईंना राहता येतंय म्हणे. आम्ही ऑफिसात विचारून आलो."

विचारूनही आले होते! माझा चहा पिण्याआधी!

मी म्हटलं, "आणि मी नाही मागितली तर?"

"तर काय, तुम्ही आहातच की," ती म्हणाली. "पण शहरात गेलेल्यांतली दोन घरं छोट्या बाई राहणार असतील तर पोरांना आजीपाशी ठेवू म्हणतात. पोरं गेली तर पुढे शाळाही जाईल, बाई. गावाचं आधी बघावं, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

माझीच विद्यार्थिनी. उत्तर चोख देते, हेही मीच शिकवलं.

"विचार करते" एवढंच म्हणून मी उठले. जाताना त्यांनी कप विसळून ठेवले, सगळे. त्याचाच जास्त राग आला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इथे तर पीकच उपटून टाका म्हणून सांगायला आले होते. ताई, मी हलणार नाही. नियम माझ्या बाजूने आहे. बसू दे गावाला तोंड पाडून.

तुझी,
धाकटी

ता. २६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी तार आल्यासारखी चिठ्ठी मिळाली. "ताबडतोब निघून ये" काय? आधी ऐकून तर घे.

परवा मी तिच्या खोलीवर गेले. भांडायलाच गेले होते. काय काय बोलायचं ते वाटेत दोनदा घोकलं. ती कपडे वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातली चादर खाली पडली.

"मला कालच कळलं, बाई," ती म्हणाली. "गिरणीवाल्या ताईंना मी खूप बोलले. तुमच्या दारात जायची त्यांची हिंमत कशी झाली? मी सोमवारी दुपारच्या गाडीने ऑफिसात जाते आणि लिहूनच देते, की मला इथे राहायचं नाही. म्हणजे विषयच संपला."

आणि रडायला लागली. रडतानासुद्धा छान दिसते, कार्टी.

आता सांग, भांडू कुणाशी? घोकलेलं सगळं वाया गेलं. उलट मीच तिची चादर उचलून झटकून दिली. घरी आले तर डोकं भणभणत होतं. पोरं तिची, सुतार तिचा, गाव तिचं. आणि आता मोठेपणाही तीच घेऊन जाणार? ती गेली असती, तर गाव जन्मभर तिचं नाव काढत बसलं असतं, आणि मी त्याच गावात रोज त्यांच्यासमोरून शाळेत गेले असते. नको गं बाई.

एक गोष्ट मी तुला दोन्ही पत्रांत लिहिली नाही. तापातून उठले त्या दिवशी कुणाला न सांगता शाळेत गेले होते. चारही वर्ग तिने एका खोलीत घेतले होते. मी बाहेर खिडकीपाशी थांबले. ती माझ्या चौथीला भागाकार शिकवत होती. माझा तो मागच्या बाकावरचा ठोंब्या उभा राहून म्हणाला, "बाई, मला नाही समजलं, परत सांगा." ताई, माझ्या वर्गात कुणी कधी असं म्हणालेलं नाही. मला वाटायचं, सगळ्यांना समजतं. तिने परत सांगितलं. त्याने परत विचारलं, तिने तिसऱ्यांदा सांगितलं, वेगळ्या तऱ्हेने, न चिडता. मी हातात चपला घेऊन खिडकीपाशी तशीच उभी. आधी वाटलं, तिचा हेवा वाटतोय. मग लक्षात आलं, मला त्या पोराचा हेवा वाटत होता. लहानपणी गणिताच्या तासाला मी पोट दुखतंय म्हणायचे, आठवतं? मला अशी बाई मिळायला हवी होती.

ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते. लिहिलं एकदाचं. आता हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

तर आज सोमवार. मी सकाळची पहिली गाडी धरली. ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "कुणी दबाव आणलाय का?" मी म्हटलं, "माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय." त्यांनी सही केली, शिक्का मारला. आता तिने काहीही लिहून दिलं तरी उपयोग नाही, हे मी विचारून घेतलं.

परत येताना निम्म्या वाटेवर दुपारची गाडी समोरून आली. रस्ता अरुंद, म्हणून दोन्ही गाड्या थांबल्या. समोरच्या खिडकीत ती बसलेली, मांडीवर कागद. मला बघून ती उभीच राहिली. मी काच खाली केली नाही. नुसती हसले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याआधी पोचले होते, ताई, आणि घरी येईपर्यंत रडत होते.

पुढच्या महिन्यात येते. खोली वेगळी घेईन, तुझ्या घरात राहणार नाही. तुझ्या सुनेचं कौतुक रोज ऐकायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

तुझी,
कधी नव्हे ती जिंकलेली,
धाकटी