पिक्चरमधली तुझी पाठ

आये, तुझ्यावर पिक्चर निघाला. हसू नको. त्यात नाव तुझं न्हाई, माझंबी न्हाई, पण वरच्या माळावरचं आपलं एकटं घर खरंखुरं आहे, पडवीतल्या लाकडी मेढीसकट. आणि मला ज्या दोरीनं त्या मेढीला बांधून तू नाचणी बेनायला, तण काढायला जायचीस, तसली दोरीपण आहे. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांची. म्याच करून दिली. त्यांनी आणली होती ती नायलॉनची, म्हटलं पोरीच्या कमरेला काचेल, काढा ती.

झालं असं की पुण्याची एक पोरगी डोंगर हिंडायला आली होती, ती हिर्डोशीच्या रस्त्याला आमच्या दारात जेवायला थांबली. आम्ही आता खालीच राहतो. केस पोरासारखे कापलेले, पण खायला वाघीण, पिठलं दोनदा मागून घेतलं. मला म्हणते, "मावशी, तुमचं लहानपण कुठं गेलं?" म्या बोट वर केलं. "तिथं तर काहीच नाहीये." म्हटलं, "आमी होतो की." मग बोलता बोलता दोरीचं निघालं, तर तिच्या डोळ्यांत पाणीच. "आई तुम्हाला बांधून ठेवायची?" मला असला राग आला. रडण्यासारखं काय आहे त्यात? बाप मुंबईला हमालीला, अंगणाच्या पुढं कडा, शेजार म्हणावा तर पार पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर, हाळी दिली तर निम्मी वारा खायचा. तीन वर्षांच्या पोरीला तू काय नाचणीत घेऊन बसणार होतीस? आणि दोरी तू अशी मापून ठेवलेली की पाण्याच्या तांब्यापर्यंत पोचावी, ऊन यायचं तिथवर पोचावी, चुलीपाशी न्हाई आणि अंगणाच्या कडेला तर मुळीच न्हाई. एकदा गाठ सुटली आणि मी घसरत, पडत बांधावर आले. तू खुरपं टाकून धावत येतेस, आधी पाठीत धपाटा, मग उचलून घेतेस आणि ओरडतेस, "पडलीस तर उचलायला कोन हाय हितं? गिधाडं?" एवढं सगळं त्या पोरीला सांगितलं. ती म्हणाली, यावर पिक्चर काढते. म्हटलं काढ. पण माझ्या आईला कुणी कसाई म्हटलं तर तुझी धडगत न्हाई.

एक गोष्ट मात्र म्या तिला सांगितली न्हाई. मेढीपाशी बसून मला रोज तुझी पाठ दिसायची. डोक्यावर पाटी, हातात खुरपं, पदर खोचलेला, आणि उतारावरनं तू अशी निघायचीस की मागं कुणी आहे हे तुझ्या गावीच न्हाई. एकदासुद्धा वळून बघितलं न्हाईस. मी हाका मारते, "आये! आये!" आणि तुझी पाठ बारीक बारीक होत जाते. बांधणं मला कधी खुपलं न्हाई. हे खुपलं. माझं लग्न झाल्यावर, पोर पोटात असताना, तुला एकदा इचारलं होतं. तू वाल सोलत होतीस. "मागं का बघत नव्हतीस गं?" तर म्हणालीस, "बघत बसले असते तर नाचनी कुनी बेनली असती, तुझ्या बापानं?" आणि वाल सोलत राहिलीस. झालं, विषय मिटला. तुझा मिटला. मी राग घेऊन सासरी गेले आणि तू गेलीस तरी तो माझ्याकडंच राहिला.

तर पिक्चर. तुझं काम करायला पुण्याची बाई, चांगली होती, गर्व न्हाई काही. आणि माझं काम करायला माझी नात, थोरल्याची. मेढीला बांधली तर नाचायला लागली. दोरीला शेपूट म्हणते. कॅमेरावाले घामाघूम. ती पोरगी मला म्हणाली, "मावशी, ही रडत नाहीये. बांधलेलं मूल हसतंय, लोकांना कळणार काय?"

"मीबी रडत नव्हते."

"रोज? एकदाही नाही?"

"तू होतीस का तितं?"

त्यांच्यातला एक दाढीवाला हळूच म्हणाला, आई मेली म्हणून सांगा तिला, रडेल लगेच. म्या ऐकलं. म्हटलं, "ए दाढी, पोरीला असलं काही सांगितलंस तर तुझा कॅमेरा कड्याखाली, आनि त्याच्या मागं तू." सून माझी मधे पडली, "आत्या, जाऊ द्या ना, पाव्हने हायेत." पाहुणे कसले! पण ती पोरगी शहाणी निघाली. दाढीला लांब उभा केला आणि नात जशी खेळत होती तशीच घेतली. तांब्यात हात घालून पाणी उडवते, उन्हात पाय पसरते. अगदी तेच. तिथं मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी तुझं काम करणाऱ्या बाईचा पाय मुरगळला. नाचणीकडं उतरायचं तेवढंच राहिलं होतं आणि त्यात तोंड दिसणार नव्हतं, म्हणून मला लुगडं नेसवलं, डोक्यावर पाटी दिली. "मावशी, सरळ चालत जा. मागं बघायचं नाही." म्हटलं, त्यात काय अवघड आहे? चार पावलं गेले आणि मागनं नातीनं हाक मारली. "आज्जे!" एवढंच. मी गर्रकन वळले. बघते तर ती दोन्ही हात पुढं करून उभी. सगळे थांबले. "मावशी, परत." परत गेले. ह्या खेपेला ती लईच हाका मारत होती, सुनेला तिला आवरता येईना. मी चालत राहिले. मान ताठ केली, पायाची बोटं मातीत रुतवली, तुझ्या नाचणीच्या रानात आता नुसतं गवत आहे, त्या गवताकडं बघत उतरले. वळले न्हाई. कॅमेरा माझ्या पाठीमागं होता. तोंडाचं काय झालं ते कुणाला दिसलं न्हाई. खाली बांधाच्या आड बसले, पदरानं तोंड पुसलं, आणि वरनं ते लोक टाळ्या वाजवत होते, झकास म्हणून. आये, तुझ्या तोंडाचं रोज काय होत होतं?

पुढं कितीतरी दिवसांनी त्या पुण्याच्या पोरीचा फोन आला. "मावशी, दोन्ही चांगलं आलंय. वळलेलं ठेवू की न वळलेलं? तुमची आई काय करायची?" मी भाकऱ्या थापत होते. तवा तापलेला. म्या सांगितलं ते सांगितलं आणि फोन ठेवला.

मग भोरला हॉल घेऊन पिक्चर दाखवला. गावातनं दोन टेम्पो भरून लोक आले. पडद्यावर नात पाणी उडवायला लागली तेव्हा सगळा हॉल हसला. मग तू पाटी घेऊन निघालीस. तू चालतेस, हाक येते, तू वळतेस. नुसती उभी राहतेस, तोंड पाटीच्या सावलीत, बघतेस, आणि परत उतरायला लागतेस. माझ्या मागच्या खुर्चीवर एक बाई नाक ओढायला लागली. शेजारी पलीकडच्या सोंडेवरची म्हातारी होती, आता तेवढी एकच राहिली तुला बघितलेली. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "चाल तर तिचीच गं. पर ती वळायची व्हय? म्या तर कवा बघितली न्हाई."

"तुला तिकडनं काय दिसनार? वळायची," म्हटलं. "रोज वळायची."

त्या पोरीलाही फोनवर हेच सांगितलं होतं. तुझ्याबद्दलची बारीकसारीक खोटी गोष्ट म्या त्या पिक्चरमधनं भांडून काढून टाकली, दोरीपासनं रडण्यापर्यंत. ही एक काढली न्हाई. ही तर म्याच घातली. लोकांना नुसती पाठ कळत न्हाई, आये. मला कळायला पन्नाशी आली, त्यांना दोन तासांत कशी कळावी?

हे तुला पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तू तरातरा येऊन म्हणाली असतीस, मी कवा वळले? तर न्हाई वळलीस. पण तिसऱ्यांदा कुणी इचारलं तरी, तू वळायचीस, असंच मी सांगणार आहे.