पॅनेलवरचा नारळ

७ ऑक्टोबर १९९६, उधना

सुरतेत पाऊल टाकल्या टाकल्या गरम लोचो खाल्ला आणि नाशिकची नोकरी सोडल्याचं दुःख पार विरघळलं. खोली हवेशीर आहे. दिवाळीनंतर बायकोला, शर्वरीला, घेऊन येईन.

मिल साड्यांच्या कापडाची. माझ्याकडे एकच मशीन आहे. दोन तापलेले पोलादी रूळ, त्यांच्यामधून कापड जातं आणि कडक इस्त्री होऊन बाहेर येतं. रूळ कधी मिटायचे, कधी उघडायचे, हे एक कार्ड ठरवतं. वहीएवढी हिरवी पाटी, पण अख्खा संगणक तिच्यावर बसवलेला. बिघडलं की मला हाक. एरवी पॅनेलजवळच्या केबिनमध्ये बसून डबा खायचा आणि हे असं लिहायचं.

मशीन चालवतो हिलाल, अमळनेरकडचा. पहिल्याच दिवशी त्यानं कळण्याची अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली. आधीचा इंजिनियर का गेला, असं विचारलं तर मात्र त्यानं विषय बदलला.

११ ऑक्टोबर

आज रूळ आपोआप मिटले. हिलाल कापडाचं टोक आत सरकवत होता. हात वाचला, गमछा गेला. बाहेर आला तो पापड होऊन.

दुपारपर्यंत चोर सापडला. बॉयलरचा पंखा सुरू झाला की पॉवर सप्लायचे पाच व्होल्ट साडेचारवर येतात. कार्डाचं भान हरपतं, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि सुरू होताना रूळ मिटवून घेतं. सप्लायमधला कपॅसिटर फुगला होता आणि कार्डावर हिरवट थर चढला होता. हा थर कसला, तर नारळाच्या पाण्याचा. दर दसऱ्याला पॅनेलच्या कोपऱ्यावर नारळ फोडून पाणी मशीनला पाजतात म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला.

कपॅसिटर बदलला, कार्ड स्पिरिटनं पुसलं. व्होल्ट आता जागचे हलत नाहीत. सेठना सांगून टाकलं, यंदा पॅनेलवर नारळ नाही.

१७ ऑक्टोबर

नारळाच्या बंदीवरून कामगार सेठकडे गेले आणि हात हलवत परत आले. हिलालचा धाकटा भाऊ भटू याच खात्यात आहे, तो आता माझ्याकडे बघतही नाही. हिलाल मात्र शांतपणे म्हणाला, "साहेब, नारय फोडनंच पडी. नहीते मशीन सोता फोडी ली."

मशीन म्हणे स्वतःच नारळ फोडून घेईल! मी हसलो. मशीनला तहान लागत नाही, लागतात ते फक्त पाच व्होल्ट, असं सांगितलं. माझ्या या वाक्यावर मी दिवसभर खूश होतो.

२१ ऑक्टोबर, दसरा

घडलं तसं लिहून ठेवतो.

पॅनेलला हार घातला, कुंकू लावलं. नारळ नाही. हिलालनं मुहूर्ताचं कापड लावलं. मी मीटर धरून उभा होतो. पाच व्होल्ट. जराही हलले नाहीत. तरी रूळ मिटले. त्याची बोटं गेली, मग मनगट, मग कोपर. मी मेन स्विच पाडला. रूळ फिरतच राहिले. फ्यूज उपटून खिशात टाकले. फिरतच राहिले. भटू भावाचे पाय धरून मागे ओढत होता. हिलाल खांद्यापर्यंत आत गेला आणि मग डोकं रुळांत आलं.

तो आवाज तिथल्या प्रत्येकानं ओळखला. पॅनेलच्या कोपऱ्यावरून रक्त खाली ओघळलं. मग रूळ आपणहून उघडले.

मीटरवर पाच व्होल्ट. फ्यूज माझ्या खिशात.

२४ ऑक्टोबर

सेठनी पोलिसांना शॉर्टसर्किट म्हणून सांगितलं. हिलालच्या जागी भटूला उभं केलंय.

आज मी स्वतः पॅनेलवर नारळ फोडला. आत पाणी नव्हतं. एक थेंब नाही. रूळ एकदा मिटले, एकदा उघडले.

मला भीती वाटते. पण भटूला मरू देणार नाही. कार्ड काढून घरी आणलंय. त्याच्याशिवाय मशीन चालणं शक्य नाही.

२५ ऑक्टोबर

कार्ड टेबलावर आहे. एकही तार जोडलेली नाही.

त्यावरचा लाल दिवा लागलाय.

२६ ऑक्टोबर

कार्ड खाडीत फेकून मिलमध्ये आलो. मशीन चालू. पॅनेल रिकामं, वायरी लोंबताहेत —

भटूला ओढून बाजूला केलं. तो आला निमूट. म्हणाला, नारळ तुम्ही बंद केला, तर आता नारळ तुम्हीच द्या. बाहेर गेला. खात्याच्या दाराला बाहेरून कडी घातली.

दार हलत नाही. ओरडून घसा गेला. बाहेर सगळे आहेत — आरती म्हणताहेत —

केबिनमध्ये बसलोय. रूळ उघडे. थांबलेत.

कापडाचं टोक खाली पडलंय. फरशीवरून इकडे — वारा नाही, पंखा बंद आहे — उंबऱ्याच्या आत —

शर्वरी, इकडे येऊ नको. पायाला गुंडा