मार्गात बिघाड झाल्यास

प्रिय अहो,

असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, त्यामुळे काय म्हणून लिहायचं ते कधी ठरलंच नव्हतं. नाव घ्यायची सवय नाही, आणि ‘श्रीयुत’ वगैरे लिहिलं तर देवश्रीला वाटेल, आईने बाबांकडे अर्ज केलाय. फोन असताना पत्र का, हे तुम्ही विचारणारच. फोनवर तुम्ही आधी टायरमधली हवा विचारता, मग बॅटरी विचारता, आणि मी काही बोलायला लागले की ‘घे, देवश्रीशी बोल’ म्हणून मोकळे होता. हे पत्र मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. शेवटपर्यंत स्वतः वाचा.

आधी कबुली देऊन टाकते. मी तुमची मोटरवाली सायकल चालवते. चुकून एकदा बसले वगैरे नाही, चांगली महिनाभर चालवते आहे. आता चष्मा काढून डोळे चोळू नका. चूक तुमचीच आहे. नातवाच्या, श्रेयसच्या मुंजीनंतर मी माझ्या दहावीच्या मुलींच्या संस्कृतच्या शिकवणीसाठी इकडे परत आले आणि तुम्ही गुडघा दाखवायला म्हणून देवश्रीकडे पुण्याला थांबलात, तेव्हा स्टेशनवर निरोप देताना तुम्ही मला काय सांगितलंत? तब्येतीला जप म्हणालात? नाही. ‘बॅटरी पडून राहिली की मरते, आठवड्यातून दोनदा मोटर चालव, पण सायकल स्टँडवरून उतरवू नकोस.’ म्हणून दर मंगळवारी आणि शनिवारी मी व्हरांड्यात स्टँडवरच्या सायकलीशेजारी उभी राहून हँडल पिळायचे आणि मागचं चाक हवेत गरगर फिरायचं. समोरच्या मीनाने दोनदा विचारलं, ‘काकू, मसाला दळताय का?’ तिसऱ्यांदा तिने वाटीभर धने आणून दिले. त्या दिवशी मी सायकल स्टँडवरून उतरवली.

शाळेत असताना मी सायकलनेच जायचे, हे तुम्हाला कधी सांगितलंय का, आठवत नाही. तोल अजून आहे. मोटरची मात्र भीती वाटायची. पहिल्या दिवशी हँडल जरा जास्त पिळलं गेलं आणि मी गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्याच्या ठेल्यापर्यंत पोचले, ब्रेक कुठे आहे हे आठवायच्या आधीच. तो बिचारा ‘माताजी, माताजी’ करत इस्त्री हातात घेऊन बाजूला झाला. मग रोज सकाळी थोडं थोडं. माधव नगरातून टॉवर चौक, तिथून एकदा नानाखेड्यापर्यंत. सिग्नलला रिक्षावाले वाकून बघतात. एकाने विचारलं, ‘आंटी, कितना देती है?’ मी म्हटलं, ‘बहुत दुःख देती है, भैया.’

तुमच्या त्या बिघाडाच्या थैल्याचं सांगायचं राहिलं. तो मी पहिल्याच दिवशी कॅरिअरवरून काढून ठेवला. रागावू नका, रद्दीवाला आला तेव्हा त्याच्या काट्यावर वजन करून घेतलं. साडेनऊ किलो! पाने, पंप, ट्यूब, पंचरचं सोल्यूशन इथपर्यंत मला समजतं. पण मोटर बसवलेल्या सायकलवर रेल्वेचा लाल आणि हिरवा झेंडा कशाला? सिग्नल खात्यातून रिटायर झालात हे ट्रकवाल्यांना कळावं म्हणून? आणि गेल्या वर्षी मागच्या चाकाचे तीन आरे तुटले होते ना, ते रस्त्याने तुटले असं तुम्ही म्हणत होता. सायकलवाल्याने मला तेव्हाच हळूच सांगितलं होतं की ते थैल्याच्या वजनाने तुटले. तुमचा उत्साह बघून मी बोलले नव्हते. थैला काढला तरी त्यातली तुमची वही मात्र मी पर्समध्ये ठेवली. ‘मार्गात बिघाड झाल्यास’, सतरा पानं, कलमं आणि पोटकलमं. पहिलंच कलम वाचून मला तुमची फार आठवण आली: ‘प्रथम घाबरू नये. सायकल सावलीत घ्यावी. पाणी प्यावे. नंतरच पाना हातात धरावा.’

मध्येच एक विचारते. गेल्या दोन महिन्यांपासून तुम्ही फोनवर अधूनमधून भलतंच काही सांगता. विम्याचे कागद कपाटाच्या कुठल्या खणात आहेत. पेन्शनच्या बँकेत कोणत्या खिडकीवर जायचं. पाण्याच्या मोटरचं बटण खालून दुसरं. नळवाल्याचा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. मी ‘बरं, बरं’ म्हणत गेले. वाटलं, बसून बसून कंटाळलेत, सूचना दिल्याशिवाय यांना करमत नाही. आणि देवश्री म्हणाली, डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची दोनदा तारीख दिली आणि तुम्ही दोनदा पुढे ढकललीत. ‘घरचं जरा मार्गी लागलं की करू’ म्हणालात. घरचं काय मार्गी लागायचं होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. परवा बुधवारी समजलं.

बुधवारी मुलींचा पेपर होता, शिकवणी नव्हती. म्हटलं, चिंतामण गणपतीला जाऊन येऊ. टॉवर चौकातून नारळ घेतला, पर्समध्ये तो नारळ, पाण्याची बाटली आणि तुमची वही ठेवली, पर्स हँडलला लटकवली आणि निघाले. नदीचा पूल ओलांडेपर्यंत सगळं छान. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागलाय, वारा होता, मी चक्क गुणगुणत होते. मग एका खड्ड्यात चाक आपटलं आणि मोटर बंद. हँडल पिळते, काही नाही. चाबी फिरवून बघितली, काही नाही. बॅटरीचे दिवे मात्र चारही लागलेले.

मी घाबरले नाही. सायकल बाभळीच्या सावलीत नेऊन स्टँडवर लावली आणि पाणी प्यायले. मग पर्स तशीच हँडलवर ठेवून वही काढली आणि एकेक कलम करत गेले. वायरचे जोड दाबले. बॅटरीचं बटण बंद करून साठ आकडे मोजले आणि पुन्हा लावलं. एक पांढरा जोड काढून, फुंकर मारून पुन्हा बसवला. नऊ पानं झाली. शेतात गवत कापणारी एक बाई बराच वेळ विळा टेकून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, ‘बाई जी, इसमें पैडल भी तो हैं. मार के चली जाओ ना.’

अहो, मी सायकलला पॅडल असतात हे साफ विसरले होते! तुमच्या सतरा पानांतही ते कुठे नाही, तुम्हीही विसरलात. तिच्यासमोर लाज वाटली म्हणून लगेच बसले आणि मारायला लागले. इतकी जड जात होती की वाटलं, झालं, आता आपलं वय झालं. जोर लावला तशी चेन उतरली. मग सायकल पुन्हा स्टँडवर लावून, रस्त्याच्या कडेला बसून चेन चढवली. कोपरापर्यंत काळी झाले, कपाळावरही लागलं असणार, कारण ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

तेवढ्यात समोर एक स्कूटर थांबली. तुमचे गोपाळराव! मागे एक सभ्य, चष्मेवाले गृहस्थ, नानाखेड्याचे परमार सर, गणिताचे मास्तर. गोपाळराव घामाघूम. म्हणाले, ‘वहिनी, घरी गेलो तर सायकल नाही! मीनाने सांगितलं, चिंतामणला गेलात. मला खरंच वाटलं नाही.’ मी म्हटलं, पण तुम्ही सायकल बघायला आलात कशाला? उत्तर परमार सरांनी दिलं. त्यांनी वाकून सायकल पाहिली आणि मला विचारलं, ‘बहनजी, चलती तो है ना? श्रीकांतजी ने बेचने का बोला है, तो सोचा देख लें.’

तुम्ही, जे भाच्यालाही त्या सायकलच्या सीटवर बसू देत नाही, ते ती विकायला निघालात, तेही पुण्यात बसून, तेही मला न सांगता! मग मला राग आला, आणि रागाच्या भरात मी आयुष्यात बोलले नाही इतकं खोटं बोलले. म्हटलं, ‘कहाँ चलती है, सर! हर दो किलोमीटर पे बैठ जाती है. आज तीसरी बार है. मैं तो रोज पैदल लौटती हूँ.’ मोटर बसवताना गोपाळराव तुमच्या बरोबरीने आठ दिवस खपले होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. परमार सर खरंच मागे सरकले. मी हात पुसायला म्हणून रुमाल शोधत हँडलवरची पर्स काढली, आणि सरांनी, मास्तरच ते, हँडल सहज पिळून बघितलं. मागचं चाक भर्रकन फिरायला लागलं.

पर्सचा पट्टा खड्ड्यात घसरून ब्रेकच्या दांड्यावर बसला होता. नारळाच्या वजनाने दांडा जरासा दाबलेला, आणि ब्रेक दाबलेला असला की मोटर आपोआप बंद होते. हे तुमच्या वहीत बाराव्या पानावर आहे. मी नवव्यावर सोडलं होतं. म्हणजे पॅडल जड जात होतं तेही वयाने नाही. हे एक बरं झालं.

सर खुश. ‘अरे, ये तो बढ़िया चल रही है!’ आता काय बोलणार? म्हटलं, ‘चल रही है, सर. पर देनी नहीं है.’ त्यांना बिचाऱ्यांना परत जायला गोपाळरावांचीच स्कूटर होती, त्यामुळे आमचं भांडण संपेपर्यंत ते लांब बाभळीखाली तुमची वही वाचत उभे राहिले. मराठी अर्धीमुर्धीच कळली असेल, पण वही परत देताना म्हणाले, ‘सायकल ना सही, इसकी फोटोकॉपी मिल जाए तो? आदमी बड़े व्यवस्थित हैं.’

गोपाळरावांनी आधी खूप टाळाटाळ केली. मी म्हटलं, खरं सांगत नाही तोवर मी इथून हलणार नाही. तेव्हा त्यांनी तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं. ‘ऑपरेशनमध्ये माझं काही बरंवाईट झालं, तर सुलू ते धूड कुठे सांभाळत बसेल? आधीच विकून टाक. तिच्या मागे काही झंझट राहायला नको.’ आणि मग मला विम्याचे कागद आठवले, बँकेची खिडकी, नळवाला, खालून दुसरं बटण. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. गोपाळरावांना वाटलं, मला चक्कर आली. ते पाणी आणायला धावले. चक्कर नव्हती आली. दोन महिने माणूस रोज फोन करतो आणि आपल्या माघारी बायकोने एकटीने कसं राहायचं ते तिला थोडं थोडं शिकवतो, आणि ती ‘बरं, बरं’ म्हणत भाजी चिरत असते. एवढे घाबरला होतात तर एकदा तसं म्हणायचं होतंत. मी तरी कुठे म्हटलं म्हणा. मीही त्या दिवशी सहज फिरायला निघाले नव्हते. तुमच्या गुडघ्याचं नीट पार पडावं म्हणून नवस बोलायला निघाले होते. नंतर गेलेच देवळात, काळ्या हातांनी. पुजाऱ्याने हातांकडे बघितलं, पण नारळ घेतला.

तर हे पत्र एवढ्यासाठी. मी रस्त्यात एकटी अडकले, धडपडले आणि घरी आले, हे तुम्हाला कळावं. माझी काळजी करून तारीख पुढे ढकलू नका. आणि मला एकटीने राहायला शिकवायचं आता बंद करा, मला ते शिकायचं नाही. देवश्रीला मी काल फोन केला. डॉक्टरांनी बावीस तारीख दिली आहे आणि ती मी नक्की करून टाकली आहे, तुम्हाला न विचारता. आता फिट्टंफाट झाली. माझ्या मुलींचा शेवटचा पेपर अठराला आहे, वीसच्या पुण्याच्या गाडीचं माझं रिझर्वेशन झालंय. भीती वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटते. आत नेईपर्यंत मी शेजारी बसेन आणि बाहेर आणतील तेव्हा तिथेच असेन. ऑपरेशनच्या आधी घरच्या माणसाची सही लागते म्हणे. ती मी करणार आहे. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा, आणि या वेळी तो फोन देवश्रीला न देता मला करा.

तुमचीच,
सुलू