जखमेवरची साल

अब्बा, परवा मी एका तरुण प्राध्यापकाला भर सभेत झापलं. चंद्रपूरच्या कॉलेजात वनौषधींवर व्याख्यान होतं आणि आम्हा निवृत्तांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, "आरमोरीचा एक अडाणी जडीबुटीवाला स्वतःचंच औषध पिऊन मेला." लोक हसले. मी उभी राहिले. म्हटलं, "ते माझे वडील. तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा त्यांच्या दुकानातली शिस्त कडक होती." टाळ्या वाजल्या. शेजारच्या बाईने माझा हात दाबला, "मुलगी असावी तर अशी." मी तो हात तसाच राहू दिला.

शिस्त होतीच. जखम धुवायला तुम्ही जी साल द्यायचात, तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. कागद कुणाच्या हाती पडेल आणि कोण काय उकळून पिईल, नेम नाही. पुडी बांधून झाली तरी तुम्ही ती सोडत नसायचात. "सांग बरं, का करशीन?" "उकळून धुईन जी." "अन् पेशीन?" "नाई जी." "फिरून सांग." गिऱ्हाईक वैतागायचं, "चाचा, शाळा घेऊन राह्यले का?" तीनदा वदवून घेतल्याशिवाय पुडी सुटत नसे. कॉन्व्हेंटात जाणारी मी आतल्या पोत्यावर बसून लाजायची. सिस्टरांना मी सांगितलं होतं, वडिलांचं मेडिकल स्टोअर आहे.

पुढे मला प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तीच साल आमच्या चाचण्यांच्या यादीत आली. काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यांच्यावर सालीच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल. तिथे एकही जंतू नाही. ती बशी, नियम मोडून, चिकटपट्टी गुंडाळून, जेवणाच्या डब्यातून मी एसटीने आरमोरीला आणते. तुम्ही दुकानाच्या दारात ती उजेडाकडे धरता. मग विचारता, "बेटा, हे पोटातले बी मारत असन का?" तुमचं पोट महिनाभर बिघडलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. उंदरांना पाजून साल विषारी नाही ना, हे बघण्याची चाचणी अजून सुरूही झाली नव्हती, हेही ठाऊक होतं. "जंतू ते जंतू, अब्बा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच तुम्ही मला काही विचारत होतात. "माहीत नाही" म्हणायला जीभ वळली नाही. एरवी एवढी चालणारी जीभ.

पंधरा दिवसांत तुमचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "हे प्यायला सांगितलं कोणी?" मी खाटेशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. "कोनी नाई, साहेब. माहाच शहाणपणा." तीन दिवसांनी तुम्ही गेलात. उंदरांचा अहवाल त्यानंतर आला. त्यांचीही यकृतं गेली होती. तो अहवाल मीच टाइप केला आणि एकही चूक होऊ दिली नाही.

तुमच्या त्या उत्तराने मला रडू फुटलं, असं मी अम्मीला सांगितलं, भावांना सांगितलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं होतं, अब्बा.