खिडकीकडची जागा

२ ऑगस्ट
आले एकदाची! बदलीचं गाव, नवं घर, आणि घरमालकांनी मागे ठेवलेला तिघांचा सोफा. एकटा जीव सदाशिव, तीन जागांचं करू काय? पण फुकटचं ते पौष्टिक. खिडकीकडची जागा माझी ठरली. महिनाअखेरीस ताई राहायला येणार आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना, त्यामुळे आत्तापासूनच वाट बघतेय.

६ ऑगस्ट
उरलेल्या दोन्ही जागांवर हिरवट बुरशी! ताईला दमा आहे. हे असंच राहिलं तर ती उंबऱ्यावरूनच परत जाईल. सोफा दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, आधी गादी गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, नाहीतर घरभर उडेल. मग व्हिनेगरचं पाणी फवारून पुसा आणि पंख्याखाली खडखडीत वाळवा. शिवाय सगळ्या जागांवर बसत जा. कापडाला माणसाची ऊब लागते, जिथे रोज कोणी बसतं तिथे बुरशी धरत नाही. मी म्हटलं, एकटी बाई तीन ठिकाणी कशी बसणार? तर म्हणाले, माणसं जमवा की.

९ ऑगस्ट
गाद्या वाळल्या. नाकाला रुमाल बांधून ब्रश मारत होते तेव्हा शेजारीण डोकावली आणि लगेच आत गेली. दरोडेखोर वाटले असेन! ऑफिसातही सगळे कामापुरतंच बोलतात. संध्याकाळी रिकाम्या जागांकडे बघून मोठ्याने म्हटलं, बसा हो, संकोच कसला? स्वतःचंच हसू आलं. मग रडूही आलं.

१४ ऑगस्ट
कडेच्या जागेवर पुन्हा बुरशी. मधली मात्र स्वच्छ. हात लावून पाहिला तर कोमट. मी तिथे बसलेच नव्हते.
घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
आता कडेचीही स्वच्छ. दोन्ही गाद्या बसल्यासारख्या दबलेल्या. ऑफिसात चहा माझ्या टेबलावरून पुढे गेला, मला कोणी विचारलंच नाही. साहेबांना दोनदा हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही.

२४ ऑगस्ट
माझ्या जागेवर बुरशी. माझ्या! रोज तिथेच बसते ना मी? झाडली, पुसली, वाळवली. संध्याकाळी पुन्हा— काकांना फोन केला. ते नुसतेच हॅलो, हॅलो करत राहिले.

२७ ऑगस्ट
मी बसले तरी गादी दबत नाही. शेजारच्या दोन्ही दबतात—

३० ऑगस्ट
बेल वाजली. ताई! उठता येत नाही मला. दार उघडलं— मी नाही— मधल्या जागेवरून कोणीतरी उठून उघडलं. ताईने तिला मिठी मारली. माझ्या नावाने हाक मारतेय तिला. किती हसतेय.
माझ्याकडे बघून खोकली. म्हणाली, अगबाई, केवढी बुरशी ही, आधी हे काढून टाकू.
गादी उचलली— माझ्यासकट— गॅलरीत. नाकाला पदर लावलाय तिने. ब्रश कोरडा आहे.
ताई, अगं मी आ—