एकही स्क्रू नसलेला लॅम्प

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात.
टेबललॅम्पचं माझं डिझाइन साहेबांनी पास केलं. जुन्या लॅम्पच्या बुडाला चार स्क्रू होते, मी एकही ठेवला नाही. आता झाकण हुकांवर बसतं. दाबलं की खट्, काम फत्ते. वेळ वाचला, खर्च वाचला. स्क्रीनवर एका क्लिकमध्ये बंद करून दाखवलं. मीटिंगमध्ये सगळे गप्प. भारावले असणार.
संकल्प: दर सोमवारी असेंब्लीत जाऊन स्वतःच्या हाताने एक लॅम्प जोडायचा.

९ सप्टेंबर, सोमवार
लॅम्प आजपासून लाइनवर. जाणार होतो, पण शर्ट पांढरा होता. पुढच्या सोमवारी.

१२ सप्टेंबर
असेंब्लीचा सुपरवायझर आला. झाकण बसवायला फार जोर लागतो, हुक पातळ करता येतील का, म्हणाला. घट्ट बसणं हाच दर्जा, असं समजावलं. मान हलवत गेला. पटलं.
घरी वहिनींच्या अंगठ्याला पट्टी. सूज आहे म्हणे. त्या आमच्याच कारखान्यात, मीच चिकटवलं. पॅकिंगला. बसून काम, त्यात कसली सूज? अंगठ्याचे व्यायाम सांगितले. वहिनी नुसत्या हसल्या.

१६ सप्टेंबर, सोमवार
असेंब्लीत जाता आलं नाही, मीटिंग होती. (मीच लावली.)
कॅन्टीनमध्ये मागच्या टेबलावर बायका कुणाचा तरी उद्धार करत होत्या. कोण बिचारा, देव जाणे.

१९ सप्टेंबर
सुपरवायझर पुन्हा. आता रबरी हातोडी मागतोय. हुक बदलायचे तर साचा दुरुस्तीला काढावा लागणार, म्हणजे साहेबांना कळणार. हातोडी मंजूर केली. प्रश्न मिटला.
घरी भाजी दादाने चिरली. आमच्या घरात समानता आली, चांगलं आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार
साहेबच असेंब्लीत घेऊन गेले. म्हणाले, एक बंद करून दाखवा.
दाबलं. पुन्हा दाबलं. मग टेबलावर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी, मग कोपराने. बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. शेवटी टोकाच्या खुर्चीवरून एक हात आला आणि लॅम्प काढून घेतला. अंगठ्याला पट्टी. वहिनी. पॅकिंगमधून इकडे कधी आल्या, मी विचारलंच नव्हतं. त्यांनी तळव्याच्या जोरावर झाकण बसवलं, लॅम्प पुढे सरकवला आणि पुढचा घेतला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी आल्यावर विचारलं, तिथे ओळख का नाही दाखवलीत? म्हणाल्या, "डिझाइनवाल्याला रोज शिव्या घालतात सगळ्या. तुम्ही माझे दीर, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, भावजी."


२४ सप्टेंबर
साहेबांना सांगितलं, हुक चुकले, चूक माझी. साचा दुरुस्तीला जाईल. तोवर जुनाच स्क्रूवाला लॅम्प.
संध्याकाळी वहिनींना साखरेची बरणी उघडेना. उघडून दिली. परत लावताना झाकण सैलच लावलं.