खुंटीवरची नारिंगी बॅग

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा सांगितलं! पाहुण्यांसमोर! चहा ओतला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि हिने सुरुवात केली — "आमच्याकडे आग लागली होती ना, तेव्हा हे काय घेऊन पळाले, विचारा."

दाढीचा ब्रश. मी दाढीचा ब्रश घेऊन पळालो होतो. अर्ध्या गालाला फेस, एका पायात चप्पल. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर विजेच्या पेटीने पेट घेतला, जिन्यात धूर झाला, आणि मी सहाव्या मजल्यावरून खाली अंगणात कसा पोचलो ते आजही आठवत नाही. खाली आल्यावर आठवलं की आपल्याला एक बायको आहे.

ही दहा मिनिटांनी आली. इमारतीला वळसा घालून, पदर नाकाशी धरून. "अहो, कुठे कुठे नाही शोधलं तुम्हाला!" सुरुवातीला या गोष्टीत फक्त बाथरूम आणि गॅलरी होती. मग पलंगाखालची जागा आली. आज कपडे धुण्याच्या मशीनची भर पडली — त्यातही म्हणे वाकून पाहिलं होतं. पाहुणे पोट धरधरून हसले. मीही हसलो. वर्षभर हसतोच आहे.

पण इथे लिहायला काय हरकत आहे? मला ते लागतं. ती धुरात मला शोधत राहिली आणि मी पळालो. एकतीस वर्षांचा संसार, आणि वेळ आली तेव्हा हा गडी असा निघाला! पुन्हा तशी वेळ आली तर मी तिला सोडून जाणार नाही. आणि हे तिला एकदा दिसलं पाहिजे.

तयारी हवी. बॅग घ्यायची. दोघांपुरती, भरलेली, दाराजवळच्या खुंटीला टांगलेली.

५ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. म्हणाली, "वर्षभर बॅग टांगून ठेवायची? तिचं काय लोणचं घालायचंय?"

मुद्दा बरोबर आहे. मग सुचलं — टेकडी! डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितल्यापासून आम्ही रविवारी बसने शेवटच्या थांब्यावर उतरतो आणि टेकडी चढतो. कापडी पिशवी नेतो. ती खांद्यावरून घसरते, बाटली मांडीवर आपटते, आणि अर्ध्या वाटेत "आता तुम्ही धरा" सुरू होतं. म्हणजे अशी बॅग हवी जी रविवारी टेकडी चढेल आणि सोमवार ते शनिवार आगीची वाट बघेल. एका दगडात दोन पक्षी.

"बघा बाई," ही म्हणाली. हिचं "बघा बाई" म्हणजे अर्धा होकार.

७ मार्च, शनिवार

दुकानात गेलो. एका भिंतीवर साठ बॅगा! मी आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवल्या. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. अशा माणसाला साठ बॅगांसमोर उभं करू नये.

दुकानातली बाई स्वतः डोंगर चढणारी. नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. मी माझी उंची सांगितली तर म्हणाली, "काका, उंचीचं सोडा, पाठ दाखवा." आणि मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप लावली. "उंच आहात, पण पाठ आखूड आहे तुमची." सत्तावन्न वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिंप्यानेसुद्धा नाही!

मग लिटर. बॅगा लिटरमध्ये मोजतात, दुधासारख्या. अठरा लिटर घेतली तर दोघांचं मावणार नाही. चाळीस घेतली तर त्यात माझा मेहुणा मावेल. "मोठी घेऊ नका," बाई म्हणाली. "जागा दिसली की माणूस भरतो, आणि भरलेली बॅग घाईत उचलवत नाही." शहाणी आहे.

विचार करून सांगतो म्हणालो.

९ मार्च, सोमवार

विचार करतोय.

११ मार्च, बुधवार

अजून करतोय. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी माझ्या टेबलावरचा कागद पाहिला — चेन, पट्टे, वजन, खिसे असे रकाने पाडलेले. म्हणाले, "मी लग्नाला पोरगी पसंत करायला अर्धा तास घेतला होता हो." मी म्हणालो, "म्हणून तर तुम्ही रात्री आठपर्यंत दुकानात बसता." कामगार हसले. मालकही हसले, पण जरा उशिरा.

१४ मार्च, शनिवार

घेतली! घेतली! अठ्ठावीस लिटर!

हिला बरोबर नेलं होतं. हिला करडी हवी होती — मळखाऊ. दुकानातली बाई म्हणाली, "काकू, डोंगरात धुकं आलं किंवा घरात धूर झाला तर करडी बॅग कोणाला दिसणार? नारिंगी घ्या." हिने नारिंगी बॅगेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "पण लवकर मळेल." बाई म्हणाली, "मळली तर आनंद आहे, म्हणजे वापरताय."

पाच किलो वाळूच्या पुरचुंड्या भरून मला दुकानातल्या जिन्यावरून खाली-वर करायला लावलं. आधी सगळा भार खांद्यांवर. मग बाईने कमरेचा पट्टा हाडावर घट्ट आवळला, खांद्याचे पट्टे थोडे सैल केले आणि — काय सांगू! वाळू जणू कोणी काढूनच घेतली. भार कमरेवर उतरला. छातीवरच्या पट्ट्याच्या बक्कलमध्ये शिट्टी आहे! मी लगेच वाजवली. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "अहो, लहान आहात का?" ही म्हणाली आणि बॅगांमागे तोंड लपवलं.

बाहेर जाताना बाईने एक नियम दिला. एकच बॅग दोन कामांना वापरायची तर टेकडीवरून आल्यावर बूट काढण्याआधी ती पुन्हा भरायची. आधी बॅग, मग बूट. मग चहा.

१५ मार्च, रविवार

पहिली चढाई. बॅग माझ्या पाठीवर, ही मोकळी. मोकळी म्हणजे इतकी की माझ्या पुढे गेली! वरून हाक मारते, "या हो, आखूड पाठवाले!" आता हे नाव चिकटणार.

पायवाटेच्या वळणावर वारा सुटला, पाच मिनिटं जोराची सर आली. तळाच्या खिशातून पावसाचं आवरण काढलं आणि बॅगेवर चढवलं. बॅग कोरडी. आम्ही दोघं चिंब. वर बसून बिस्किटं खाल्ली. मग लक्षात आलं की ती आगीची बिस्किटं होती. आता आग लागली तर उपाशी राहावं लागणार. परत येताना नवा पुडा घेतला, घरी येऊन आधी बॅग भरली, मग बूट काढले. ही हसून हसून भिंतीला टेकली.

बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

बॅगेत आता: दोन बाटल्या पाणी, टॉर्च, जादा सेल, पट्ट्या आणि मलम, दोघांच्या गोळ्या आठवडाभराच्या, कागदपत्रांच्या नकला प्लास्टिकमध्ये, नाका-तोंडावर बांधायचे दोन जाड रुमाल, हातमोजे, बिस्किटं (हात लावायचा नाही).

आणि हिचा जादा चष्मा. स्वतः बसवला, दुपारच्या सुट्टीत. हिला चष्म्याशिवाय दोन हातांवरचं दिसत नाही. हिला दाखवला. हिने चष्मा उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःच आतल्या खिशात ठेवला. मग एकदम म्हणाली, "तुम्ही ते मनाला फार लावून घेतलंत का हो?"

"कुठलं?" मी म्हणालो.

"काही नाही," म्हणाली आणि आत गेली.

२२ मार्च, रविवार

मेहुणा टेकडीला आला. दोन वळणांनंतर हे एकेकाळचे फुटबॉलपटू दगडावर बसले. म्हणतो, "भाऊजी, त्या चाळीस लिटरच्या बॅगेत मी खरंच मावलो असतो का?" हिने सांगितलेलं दिसतंय! घरात काही लपत नाही.

२४ मार्च, मंगळवार

फाटकावर सूचना लागली. अग्निशमन दल या आठवड्यात आमच्या इमारतीत सराव घेणार. वार आणि वेळ सांगणार नाहीत. घंटा वाजली की पुढचा जिना किंवा स्वयंपाकघरामागचा लोखंडी जिना, जो जवळ असेल त्याने खाली उतरायचं.

वाजू दे. मी तयार आहे.

२८ मार्च, शनिवार

वाजली!

सकाळचे साडेदहा. मी गॅलरीत बूट पुसत होतो. घंटा — आणि पाठोपाठ जिन्यातून धूर! सरावासाठी सोडलेला असणार हे डोक्याला माहीत होतं, पण नाकाला कोण सांगणार? पाय दाराकडे धावायलाच निघाले होते, मी त्यांना अडवलं. खरंच, भिंत धरून उभा राहिलो. हिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही.

बॅग पाठीला, पट्टा कमरेला, रुमाल तोंडाला. बाथरूम. बेडरूम. गॅलरी पुन्हा. पलंगाखाली टॉर्च मारला. कपाटं उघडली. हो, मशीनमध्येही वाकून पाहिलं! स्वयंपाकघरात गॅस बंद, कणीक झाकलेली, ही नाही. मला वाटलं चक्कर येऊन कुठे पडली असेल. शिट्टी वाजवत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला घर धुराने भरलं होतं. घसा सोलून निघाला होता. मी रांगत होतो आणि हिचं नाव घेत होतो — एरवी कधी घेत नाही.

शेवटी अग्निशमनवाला जवानच वर आला आणि मला दंडाला धरून खाली घेऊन गेला. बावीस मिनिटं!

खाली अंगणात सगळे रांगेत. ही सगळ्यात पुढे. घंटा वाजल्यावर मागच्या जिन्याने पावणेदोन मिनिटांत उतरली. अख्ख्या इमारतीत पहिली! अधिकाऱ्यांनी तिचं कौतुक केलं आणि मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, बॅग उत्तम आहे. पण खरी आग असती तर आज आम्ही तुम्हाला चादरीत आणलं असतं. घर शोधायचं काम आमचं. तुमचं काम उतरण्याचं."

मला वाईट वाटलं नाही. उलट! मी हिच्याकडे पाहिलं — पाहिलंस ना? पळालो नाही. एक पाऊलसुद्धा पळालो नाही!

हिचा चेहरा पांढरा पडला होता. वाटलं होतं हसेल. निदान मशीनचं ऐकून तरी.

२९ मार्च, रविवार

टेकडी रद्द. पाय दुखतात म्हणाली. काल पावणेदोन मिनिटांत सहा मजले उतरले तेच पाय.

३० मार्च, सोमवार

मेहुण्याचा फोन आला, सरावाची गंमत ऐकायची होती. मी सांगायला लागलो तर हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "यात हसण्यासारखं काही नाही." हे ती म्हणाली! माझं काय चुकलं तेच कळत नाही.

३१ मार्च, मंगळवार

संध्याकाळी चहाचा कप बाजूला सारून ही म्हणाली, "गेल्या वर्षी मी तुम्हाला शोधलं नव्हतं."

धूर दिसला, स्वयंपाकघराचं दार उघडलं, लोखंडी जिना, सरळ खाली. माझ्याही आधी! मग तिला मी आठवलो. दहा मिनिटं कचऱ्याच्या डब्यांपाशी लाजेने उभी होती, पाय उचलेना. वळसा घालून पुढे आली तर मी फेसाळल्या तोंडाने रडत धावत आलो — "तुला सोडून पळालो गं!" मग तिच्या तोंडातून ते 'बाथरूममध्येही शोधलं' निघून गेलं, आणि निघालेलं परत घेता येईना.

मला राग यायला हवा होता. मी हसत सुटलो. ही मात्र रडत होती. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की अजून लाल आहे.

"माझ्या थापेपायी तुम्ही जळून मेला असता," म्हणाली. "पुन्हा घंटा वाजली तर मला शोधत बसू नका. सरळ उतरा. मी खालीच असेन."